रोझहिपच्या वाईनला औषध म्हणू नका

"डॉक्टर, दारू नाही हो, घरी केलेली वाईन आहे. त्यात रोझहिप घातलंय, भरपूर व्हिटॅमिन सी!" हल्ली असे युक्तिवाद पेशंटकडून ऐकू येतात. ऑनलाइन मागवलेली सुकी रोझहिप, साखर, यीस्ट आणि काचेची बरणी एवढ्यावर घरोघरी 'हेल्थ वाईन' तयार होते. या 'हेल्थ' शब्दाला माझा ठाम विरोध आहे.

रोझहिप म्हणजे गुलाबाचे फळ. पाकळ्या गळल्यावर देठाशी धरणारे ते लाल बोंड. ताज्या फळात 'क' जीवनसत्त्व भरपूर असते, यात वाद नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री मिळेनाशी झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी कुंपणावरची ही फळे गोळा केली आणि मुलांना त्याचे सरबत दिले. ती त्यांची अडचण होती. पुण्यात मंडईत आवळा आणि पेरू असताना आपल्यावर अशी कोणती वेळ आली आहे?

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते. एका मध्यम पेरूत ही गरज सहज भागते. शिवाय हे जीवनसत्त्व नाजूक असते. फळ सुकवताना, उकळताना आणि हवा लागून ते कमी होत जाते. म्हणजे सुकी फळे उकळून, महिनाभर आंबवून तुम्ही बरणीत जे भरता, त्यात जीवनसत्त्व किती उरले हे कोणी मोजलेले नसते. अल्कोहोल मात्र नक्की असते.

१२ टक्के अल्कोहोल असलेल्या १५० मिली वाईनमध्ये सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. म्हणजे जवळपास १०० कॅलरी, साखरेच्या कॅलरी वेगळ्या. घरच्या वाईनमध्ये हे प्रमाण किती, ते करणाऱ्यालाही ठाऊक नसते. २०२२ मध्ये सुपरमार्केटमधल्या वाईनविक्रीवरून 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असा वाद आपल्या राज्यात रंगला होता. यकृताला हा फरक कळत नाही. मद्य हे कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच सांगितले. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, हे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

"पण सांधेदुखीला रोझहिप चालते ना?" काही छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला आहे. पण ते अभ्यास भुकटीवर होते, वाईनवर नव्हे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. 'औषधी' म्हटले की माणूस बेसावध होतो. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने रिकाम्या पोटी वाईन घेतली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे ही त्याची लक्षणे, आणि घरचे समजतात चढली आहे! झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते. गरोदर सुनेला 'रक्त वाढेल' म्हणून चमचाभर वाईन देणे हे प्रेम नव्हे, तो पोटातल्या बाळाला धोका आहे. लहान मुलांना तर थेंबही नको. रक्त कमी वाटत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, कारण शोधा.

आणखी दोन गोष्टी. आंबताना वायू तयार होतो, त्यामुळे घट्ट बंद केलेली बाटली फुटून काचा उडू शकतात. आणि महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे हा गुन्हा आहे.

रोझहिपशी माझे वैर नाही. स्वयंपाकात जरूर वापरा. चटणी करा, सार करा, चहा करा. फक्त फळातल्या बारीक केसांनी घसा आणि तोंड खाजते, म्हणून बिया व केस काढा आणि पाणी पातळ फडक्यातून दोनदा गाळा. चव आवडली तर उत्तम.

ज्यांना वाईन प्यायची आहे, त्यांनी ती वाईन म्हणून प्यावी, आणि किती पितो ते डॉक्टरांना खरे सांगावे. औषधाचे नाव देऊन स्वतःची समजूत घालू नये. आणि 'क' जीवनसत्त्वच हवे असेल, तर उद्या भाजी आणताना पिशवीत दोन पेरू टाका.