पाटणची एका दिवसाची सहल

सुटी लागली कीं आमच्या खानदेशांतील घरोघरीं अजिंठा-वेरुळाचे बेत निघतात. चाळीसगांवाजवळच्या पाटणचें नांव मात्र क्वचितच ऐकूं येतें. जे जातात ते चंडिकादेवीचें दर्शन घेऊन, हेमाडपंती शिवालय पाहून संध्याकाळीं परततात. बरोबरचा वाटाड्या केदारकुंड दाखवितो, सीतेची न्हाणी दाखवितो. पण भवानीच्या देवळांतील ज्या शिलालेखामुळें पाटण विद्वानांस ठाऊक झालें, तो दोन शब्दांत आटोपतो.

हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं गेल्याच्या मागल्या शतकांत उजेडांत आणिला. भास्कराचार्यांनीं शके १०७२ त सिद्धान्तशिरोमणि रचिला. त्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनीं येथें मठ स्थापिला, व निकुंभवंशीय सोइदेवानें शके ११२८ त त्यास दान दिलें. एवढें संस्कृतांत आहे. शेवटचा भाग मात्र जुन्या मराठींत असून आम्हांस तोच अधिक मोलाचा वाटतो. बाजारांतील देवघेवींतून मठास कांहीं मिळावें, तेल्यानें दर घाण्यामागें पळीभर तेल द्यावें, अशी ती व्यवस्था. ग्रहगणित शिकणारांचा योगक्षेम राजाच्या दानाइतकाच तेल्याच्या पळीवरहि चालत होता! मुलांस हें कोण सांगणार?

तेव्हां निघण्यापूर्वीं वाटाड्यास लेखाची माहिती आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. नसल्यास घरांतील कोणीं तरी तो आधीं वाचून ठेवावा. फराळाच्या डब्यांबरोबर लीलावतींतील चार गणितें न्यावींत, आणि तीं मुलींसहि सोडवूं द्यावींत.