आधी ओळख, मग उपाय



पावसाची झड लागली की शेतात पाय ठेवता येत नाही. अशा वेळी घरात एखादे पुस्तक मोठ्याने वाचावे. आज लिंडा ला प्लांट या इंग्रज लेखिकेच्या ‘प्राइम सस्पेक्ट’ कादंबरीविषयी सांगतो. ती १९९१ साली आली. त्याच साली तिकडे तिची दूरचित्रवाणी मालिकाही गाजली.

जेन टेनिसन ही लंडनच्या पोलीस खात्यातली अधिकारी. हुद्दा मोठा, पण खुनाचा तपास तिच्या हाती कोणी देत नाही. तपास करणारे साहेब हृदयविकाराने जातात, तेव्हा ती तो हट्टाने मागून घेते. हाताखालची माणसे तोंड फिरवतात. ती भांडत बसत नाही. सारे पहिल्यापासून तपासते, आणि कळते काय, तर मेलेल्या मुलीची ओळखच चुकलेली! मग पुढचा तपास सरळ कसा जाणार?

पिकाचेही तसेच आहे. भेंडीवरचा केवडा विषाणूमुळे होतो. तो पसरवते पांढरी माशी. बुरशी समजून औषध फवारले, तर पैसा जातो, रोग राहतो.

ही जेन निव्वळ कल्पनेतली नाही. जॅकी माल्टन या लंडनच्या खऱ्या पोलीस अधिकारी बाईंचे अनुभव लेखिकेने ऐकून घेतले होते.

तेव्हा, तुमची लेक पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला निघाली, तर ‘हे बाईचे काम नव्हे’ म्हणू नका. बॅटरी घेऊन तिच्या सोबतीला जा.