गाडीला लावायचं मीटर घ्यावं का?

परवा एका जुन्या सोबत्याचा फोन आला. जोधपूरला आम्ही एकाच युनिटमध्ये होतो. आता पेन्शनवर येऊन कराडजवळ गावी शेती बघतो. फंडाच्या पैशातून त्याने एक जुनी गाडी घेतली आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीत ते आकडे दाखवणारं मीटर होतं ना, तसलं घेऊ का?"

"घे," म्हटलं आणि फोन ठेवला. पण रात्री वाटलं, एवढ्यावर सोडायला नको होतं. त्या मीटरने एकदा माझी गाडी वाचवली आहे. त्याच मीटरच्या भरवशावर त्याच गाडीचं इंजिन मी पुढे घालवलंही आहे. दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय "घे" म्हणणं बरोबर नाही, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात हात घातला की बोटांना एक सोळा पिनांचं सॉकेट लागतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. हे सॉकेट तुमच्या-माझ्या सोयीसाठी आलेलं नाही, ते आलं धुरापायी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने आधी आग्रह धरला, मग १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आलं. धूर वाढवणारा बिघाड इंजिनच्या संगणकाने स्वतः ओळखावा, दिवा लावावा आणि मेकॅनिकला सांगावा, एवढाच मूळ हेतू. पण त्यासाठी संगणकाला पाण्याचं तापमान, हवेचा दाब, इंजिनचे फेरे हे सगळं सतत मोजावं लागतं, आणि त्या सॉकेटमध्ये मीटर खोचलं की तेच आकडे आपल्याला दिसतात.

माझं मीटर वायरचं आहे. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, डॅशबोर्डवर डबल टेपने चिकटवलेलं. मी ते घेतलं त्याचं कारण असं की माझ्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. आजकालच्या बऱ्याच लहान गाड्यांत तो नसतो. इंजिन थंड असताना एक निळा दिवा आणि फार तापल्यावर एक लाल दिवा, बस्स. मधलं काही नाही. ताप चढतोय हे न सांगता एकदम "पेशंट बेशुद्ध आहे" असं सांगणारा हा डॉक्टर. काटा असलेल्या गाड्यांतही फार वेगळी परिस्थिती नाही. पुष्कळ गाड्यांत तो काटा मुद्दाम मधोमध रोखून धरलेला असतो. पाणी दहा-पंधरा डिग्री वरखाली झालं तरी तो हलत नाही, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरून वर्कशॉपला येत नाही. मला ही लबाडी वाटते. एक काटा वाचवून किंवा त्याला मुका करून माणसाला अंधारात ठेवायचं, हे कुठलं शहाणपण?

आता पहिली गोष्ट. मे महिना, जोधपूरहून सातारला रजेवर निघालो होतो. सौ. शेजारी, पोरं मागे, डिकीत जोधपूरच्या कचोऱ्यांचा डबा. पहाटे चारला निघून पाली, सिरोही करत आबू रोड मागे टाकला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. हमरस्त्यावर माझ्या गाडीचा आकडा नेहमी ८८ ते ९२ मध्ये असतो. पोरीला मी कामच लावून दिलं होतं, दर थोड्या वेळाने आकडा वाचायचा. ती ओरडली, "बाबा, शहाण्णव!" म्हटलं, ऊन आहे, एसी चालू आहे, होतं एवढं. थोड्या वेळाने "शंभर!" मग "एकशे तीन!" डॅशबोर्डवर मात्र सगळं शांत. लाल दिव्याचा पत्ता नाही.

एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, हीटर पूर्ण सोडला. मे महिन्यात हीटर म्हणजे सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही. पण हीटरसुद्धा एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची उष्णता तो आत ओढून घेतो. आकडा ९८ वर आला. पुढच्या पंपावर सावलीत गाडी लावली, बॉनेट उघडलं. खालच्या होजची क्लॅम्प सैल होऊन थेंब थेंब गळत होतं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही (तापलेलं झाकण उघडून हात भाजून घेतलेले दोन जवान मी पाहिले आहेत). पाऊण तास थांबलो, कचोऱ्या खाल्ल्या, मग कूलंट भरलं, क्लॅम्प आवळली आणि पालनपूरला नवीन होज घातला. खर्च काही शेकड्यांत. लाल दिव्याची वाट पाहिली असती तर मे महिन्याच्या दुपारी भर रस्त्यात पोरांना घेऊन उभा असतो.

त्या दिवसापासून मी त्या मीटरचा भक्त झालो. ज्याला त्याला सांगू लागलो.

पुढे लडाखला पोस्टिंग आली. तिथे फॅमिली नव्हती, गाडीही नव्हती, पण मीटर ट्रंकेत नेलं होतं. (सरकारी गाडीला ते कधी लावलं नाही आणि कुणी लावूही नये, तो एमटीचा प्रांत आहे.) लेहच्या बाजारात एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याच्या गाडीला लावून पाहिलं. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली. अशा वेळी मॅनिफोल्डचा दाब म्हणजे बाहेरच्या हवेचाच दाब. समुद्रकाठी तो १०० किलोपास्कलच्या वर दिसतो. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, तो ६५ च्या आसपास होता. टॅक्सीवाला हसून म्हणाला, "साहब, यह तो चढ़ाई पर गाड़ी खुद बता देती है." खरंच आहे. टर्बो नसलेल्या इंजिनची तिथे एक तृतीयांश ताकद गेलेली असते, ते पायाला कळतंच.

पण त्या आकड्याने मला दुसरा विचार दिला. त्या उंचीवर उघड्या भांड्यात पाणी ८८ डिग्रीच्या आसपास उकळतं. डाळ शिजत नाही ती त्यामुळेच. म्हणजे जोधपूरला मी ज्याला "ठीकठाक" म्हणायचो तो ९० चा आकडा लेहला उकळण्याच्या पलीकडचा आहे. गाडीत पाणी उकळत नाही ते रेडिएटरच्या झाकणामुळे. ते आत दाब धरून ठेवतं. कूलंटही थोडी मदत करतो. झाकणाचं रबर चिरलं असेल आणि आत नुसतं नळाचं पाणी असेल, तर मीटर ९० दाखवत राहील आणि आत पाणी खदखदत असेल. आकडा तोच, जागा बदलली की अर्थ बदलला. हे मला तेव्हा कळलं होतं. कळूनही पुढे जे केलं ते केलं.

मधे एकदा मीटरने पैसेही वाचवले, तेही सांगतो. सिकंदराबादला असताना गाडी झटके खाऊ लागली. एका गॅरेजवाल्याने इंजेक्टर बदलायला सांगितले, चारही. मीटरवर कोड आला पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय किंवा पेट्रोल नीट जळत नाही. आमच्या एमटीतल्या उस्तादाने सांगितलं, पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर टाका, दुसऱ्याची पहिल्यावर, आणि कोड पुसून चालवून बघा. चालवली. कोड आला पी०३०२. बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. एक कॉइल बदलली, काम झालं. कोड पुसणं हा मात्र इलाज नव्हे. दिवा घालवून देतो म्हणून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. दिवा जातो, बिघाड राहतो.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला जड जाते.

तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला केलं होतं. दोन दिवसांनी त्यांना घेऊन गावी निघालो. तात्या एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्य घाटात गेलेलं. काळा चष्मा लावून शेजारी बसले होते. त्या सकाळी मी बॉनेट उघडलं नव्हतं. ज्या माणसाने वीस वर्षं फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड केली, गाडी हलवायच्या आधी तेल-पाणी-हवा बघितल्याशिवाय ज्याच्या गाडीला गेट सोडता येत नसे, त्याने स्वतःच्या गाडीची फर्स्ट परेड सोडून दिली होती. कारण मीटर होतं ना! १०२ ला शिट्टी वाजेल असं लावून ठेवलेलं.

तेव्हा पुण्याहून सातारला जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा, बोगदा येणाऱ्यांना होता. घाटाच्या तोंडाशी आकडा ९४ होता. अर्ध्यावर ९७. आणि मग उतरायला लागला. ९०, ८४, ७९. मी खूष. "बघा तात्या, एवढ्या चढावर गाडी थंड पडत चाललीय." तात्या काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "गूळ उकळल्यासारखा वास येतोय रे." मी म्हटलं, "पलीकडे कुठं तरी गुऱ्हाळ असेल." ते म्हणाले, "घाटात?"

तरीही मी एक वळण पुढे नेली. मग गाडीची ताकदच गेली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

कूलंटचा वास गोडसर असतो. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फाटून सगळं पाणी निघून गेलं होतं. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी गेलं की त्याचं टोक उघडं पडतं, वाफेत आणि हवेत, आणि तो नुसता त्या हवेचं सांगतो. इकडे लोखंड भाजून निघतंय आणि तिकडे आकडा खाली येतोय. शिट्टी वाजायचा प्रश्नच नव्हता. मीटरने खोटं सांगितलं नाही. त्याला जे ऐकू आलं ते त्याने सांगितलं. इंजिन त्याला दिसतच नाही, त्याला फक्त सेन्सर ऐकू येतो. ऑइलची पातळी त्याला कळत नाही, ब्रेकचं कळत नाही, बहुतेक गाड्यांत टायरचंही नाही.

हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. दीड महिन्याच्या रजेतले बारा दिवस गॅरेजच्या बाकड्यावर गेले आणि पोरीच्या सायकलसाठी ठेवलेले पैसेही गेले. त्यापेक्षा वाईट म्हणजे ऑपरेशन झालेल्या माणसाला घाटाच्या कठड्यावर दोन तास बसवलं. तात्या मला एक शब्द बोलले नाहीत. नंतर गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा मात्र त्यांनी स्वतः बॉनेट उघडून वाकून बघितलं आणि मला हाक मारून टाकीवरची खूण दाखवली, जणू मी लायसन्स काढायला आलोय.

मीटर काढून फेकून दिलं का? नाही. अजून तिथेच आहे. फक्त आता मी आकड्यापेक्षा त्याच्या चालीकडे बघतो. चढावर आकडा वाढला तर कारण शोधतो. आणि चढावर उगाच उतरू लागला तर जास्त घाबरतो, लगेच थांबतो. वीस आकडे दिसत असले तरी दोनच लावून ठेवतो, तापमान आणि व्होल्टेज. इंजिन बंद असताना साडेबारा, चालू असताना चौदाच्या जवळ, एवढं दिसलं की बॅटरीची काळजी नाही. नव्या गाड्यांत संगणक स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे हा आकडा खाली दिसला म्हणून लगेच घाबरू नका.

फौजेतल्या मंडळींना आणखी एक सांगणं. चार-पाचशे रुपयांत मिळणारे ब्लूटूथचे ठोकळे फोनवरच्या अ‍ॅपला जोडावे लागतात. त्यातली काही अ‍ॅप लोकेशन मागतात, गाडी कुठून कुठे गेली हे साठवतात आणि कुठल्या तरी सर्व्हरवर पाठवतात. फोनमध्ये काय ठेवावं याच्या सूचना आपल्याला रोलकॉलला कानीकपाळी ओरडून सांगितलेल्या असतात. मग गाडीच्या पोटात हा हेर कशाला पाळायचा? स्वतःचा पडदा असलेलं वायरचं मीटर थोडं महाग पडतं, पण त्याची हकिकत गाडीच्या बाहेर जात नाही. आणि गाडी उभी करून दोन महिन्यांसाठी ड्यूटीवर जाणार असाल तर ते सॉकेटमधून उपसून ठेवा. त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा करंट चावी काढली तरी चालू असतो. मी एकदा विसरलो होतो. रजेवर आलो तर गाडीचा हॉर्नसुद्धा वाजेना, शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून स्टार्ट केली.

सोबत्याला काल पुन्हा फोन केला. त्याची गाडी २०११ ची निघाली. म्हटलं, पैसे पाठवायच्या आधी स्टिअरिंगखाली हात घालून ते सॉकेट आहे का बघ, आणि असलं तरी एखाद्या मेकॅनिककडून त्याचं मीटर लावून आकडे येतात का तपास. त्या सालच्या सगळ्या गाड्या बोलतातच असं नाही. तो म्हणाला, बॉनेट उघडायची दांडीच मोडलीय, आधी ती बसवून घेतो.