गिटारला अ‍ॅम्प घेताना वॅट शेवटी विचारा

मंडळी, गणपती जवळ आले की मंडळाच्या तालमी सुरू होतात आणि त्याच सुमाराला एखाद्या आईचा किंवा बाबांचा ठरलेला प्रश्न येतो. "मुलीला अ‍ॅकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली, आता त्याला स्वस्तातला अ‍ॅम्प कोणता घेऊ?" त्यावर पहिलं उत्तर हमखास येतं, "किती वॅटचा बघताय?" आणि गाडी तिथेच भलत्या रुळावर जाते.

मी आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांत साउंडच्या टेबलामागे उभा असतो, त्यामुळे या विषयावर माझं मत जरा ठाम आहे. वॅट शेवटी विचारा. आधी दोन गोष्टी विचारा: हा अ‍ॅम्प कोणत्या गिटारसाठी बनवलाय आणि आपलं मूल वाजवणार कुठे.

पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही.

दुकानात किंवा ऑनलाइन सगळ्यात स्वस्त जे छोटे काळे डबे दिसतात, किंवा गिटारच्या सेटबरोबर जो येतो, तो बहुतेक वेळा इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प असतो. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव लाकूड. तिला स्वतःचा आवाज जवळपास नसतोच, तो अ‍ॅम्प तयार करतो. म्हणून त्या अ‍ॅम्पचा स्पीकर मुद्दाम वरचे स्वर कापणारा असतो, साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढे तो फारसं काही देतच नाही. इलेक्ट्रिकला ते छान लागतं.

अ‍ॅकूस्टिक-इलेक्ट्रिकचं उलटं आहे. तिचा आवाज लाकडातून आधीच तयार झालेला असतो, अ‍ॅम्पने तो फक्त मोठा करायचा. तानपुऱ्याला घोडी असते ना, तसा गिटारला ब्रिज असतो. त्यावर हाडासारखी पांढरी पट्टी असते आणि बहुतेक स्वस्त गिटारींमध्ये त्या पट्टीखाली पीझो नावाचा पातळ पिकअप बसवलेला असतो. तो तारेचा दाब पकडतो, अगदी बारीक नखाचा आवाजसुद्धा. हा आवाज ट्वीटर नसलेल्या अ‍ॅम्पमधून काढला की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. नाकात बोलल्यासारखा.

आता दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या जागी उभे राहा. खोलीत नुसती वाजवली की गिटार गोड वाजते. वायर लावली की कर्कश. त्याला पिकअप, ट्वीटर काही माहीत नाही. त्याला एकच समजतं, की मोठ्याने ऐकलं की माझं वाजवणं वाईट आहे. मग तो वायर लावायचं टाळतो, मग कार्यक्रमात नाव द्यायचं टाळतो. आपल्याला वाटतं, "ह्याचा इंटरेस्ट गेला वाटतं." अहो, इंटरेस्ट गेला नाही, चाळीस डॉलरच्या डब्याने घालवला. मला या सगळ्यात खरी काळजी फक्त एवढ्याचीच आहे. तबला-डग्गा आपण मुंबईहून केबिन बॅगेत मांडीवर घेऊन आणतो, हार्मोनियमसाठी दहा जणांना विचारतो, आणि गिटारच्या बाबतीत मात्र "चालेल काहीतरी, आधी शिकू दे" असं म्हणतो.

म्हणून खरेदीची पहिली खूण: अ‍ॅम्पवर किंवा त्याच्या माहितीत 'अ‍ॅकूस्टिक' हा शब्द हवा, आणि मोठ्या स्पीकरच्या जोडीला ट्वीटर हवा किंवा निदान पूर्ण पट्टीचा स्पीकर हवा.

आणि एक पैसा खर्च करण्याआधी घरात बघा. आपल्यापैकी अर्ध्या घरांत कराओकेचा स्पीकर बेसमेंटमध्ये पडून आहे. तो पूर्ण पट्टीचाच असतो, कारण त्यातून गाणं वाजायचं असतं. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असेल (कडेला आवाजाची बटणं असली की समजा आहे), तर तिची वायर त्या स्पीकरच्या गिटार किंवा लाइन इनपुटला लावून बघा. आवाज आधी शून्यावर, मग हळूहळू वर. बऱ्याचदा एवढ्यावर वर्षभर भागतं. कीबोर्डचा अ‍ॅम्प असेल तर तोही चालतो.

दुसरी गोष्ट, वाजवणार कुठे? बेडरूममध्ये सरावाला अ‍ॅम्प लागतच नाही. गिटारला पोकळ पोट त्यासाठीच दिलंय. अपार्टमेंटमध्ये राहणारे हेडफोनच्या सोयीबद्दल विचारतात, पण हेडफोन लावला तरी गिटार स्वतः वाजतेच, शेजाऱ्यांना फरक पडत नाही.

मंडळाच्या स्टेजसाठी म्हणाल, तर खरं सांगतो, तिथेही बहुतेक वेळा अ‍ॅम्प लागत नाही. शाळेच्या ऑडिटोरियममध्ये किंवा भाड्याच्या हॉलमध्ये साउंड सिस्टीम असते. लागतो तो डीआय बॉक्स. तळहाताएवढी धातूची डबी. गिटारची वायर एका बाजूने आत, माइकसारखी एक्सएलआर वायर दुसऱ्या बाजूने मिक्सरकडे. गिटारची साधी वायर वीसेक फुटांच्या पुढे गेली की गुणगुण पकडायला लागते, डीआय बॉक्स तो सिग्नल असा बदलतो की शंभर फूटही स्वच्छ जातो. साधा पॅसिव्ह बॉक्स चाळीस-पन्नास डॉलरच्या आत मिळतो आणि बॅटरीच्या गिटारला तो पुरतो. गिटारमध्ये प्रीअ‍ॅम्प नसेल, नुसता पिकअप असेल, तर मात्र अ‍ॅक्टिव्ह घ्या.

"गिटारसमोर माइक ठेवा की" असं तुमच्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणतील. नको. मूल हलतं, लाजून मागे सरकतं, माइकमध्ये शेजारचा तबलाच जास्त येतो आणि गिटार कुणालाच ऐकू जात नाही. टाळ्या पडतात त्या तबलजीला. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासारखं मोठं स्टेज असेल, २०२४ ला सॅन होजेला झालं तसलं, तर तिथल्या साउंडवाल्यांकडे डीआय बॉक्स असतोच. आपल्या गावच्या मंडळाकडे असेल याची खात्री धरू नका, स्वतःचा न्या.

आणि कृपा करून ती नऊ व्होल्टची बॅटरी! गिटारमध्ये वायर खोचली की प्रीअ‍ॅम्प चालू होतो, वायर तशीच राहिली की बॅटरी रात्रभर उतरत राहते. स्टेजवर गिटार 'बंद पडली' म्हणून धावपळ होते तेव्हा मी आधी बॅटरीच बघतो. कार्यक्रमाच्या दिवशी नवी घाला, वाजवून झालं की वायर काढा.

मग अ‍ॅम्प लागतो कधी? मित्रांबरोबर गराजमध्ये वाजवायला सुरुवात झाली की. सोबत तबला किंवा काहोन आला की. घरगुती गणपतीत आरतीनंतर गाणी होतात, कोजागिरीला कुणाच्या तरी बॅकयार्डमध्ये मैफल जमते, शाळेचा टॅलेंट शो असतो, सीनियर सेंटरमध्ये मुलं सेवा म्हणून वाजवायला जातात. पंचवीस-तीस, फार तर पन्नास माणसं. या कामाला छोटा अ‍ॅकूस्टिक अ‍ॅम्प एकदम फिट.

त्यात माझी एक अट आहे: दोन चॅनल हवेत. एक गिटारला, एक माइकला. आपली मुलं नुसती गिटार क्वचितच वाजवतात, गाणं असतंच सोबत. आणि वाद्य एकट्या मुलाचं राहत नाही. आई रियाजाला बसली की तानपुऱ्याचं अ‍ॅप ऑक्सला किंवा ब्लूटूथला जोडते, आजी सहा महिन्यांसाठी आल्या की त्यांचा हरिपाठ त्याच माइकवर होतो. असं झालं की दोनशे-तीनशे डॉलर घरात कुणालाच जड वाटत नाहीत.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. किमती हल्ली सारख्या हलतात, त्या स्वतः बघून घ्या. अगदी कमी बजेट असेल तर फेंडरचा अ‍ॅकूस्टासॉनिक १५. पंधरा वॅट, सहा इंची स्पीकर, दोन चॅनल. घर आणि गराज एवढ्यापुरता ठीक, गर्दीत मात्र दमतो. थोडं वर जाता आलं तर फिशमनचा लाउडबॉक्स मायक्रो, चाळीस वॅट, वजन चार किलोच्या आसपास. माझ्या मते आपल्या मुलांसाठी सगळ्यात समजूतदार खरेदी हीच. त्याच्या मागे एक्सएलआर आउटपुट आहे, म्हणजे हॉलमध्ये हाच अ‍ॅम्प डीआय बॉक्सचं काम करतो आणि मुलाला स्वतःचं वाजवणं जवळून ऐकूही येतं. त्याचा मोठा भाऊ लाउडबॉक्स मिनी, साठ वॅट, सुमारे नऊ किलो. आवाज भरदार आहे, पण नवा घ्यायची घाई नको, वापरलेले भरपूर मिळतात. वीज नसलेल्या जागी, पार्कातल्या पिकनिकला वगैरे वाजवायचं असेल तर रोलंडचा क्यूब स्ट्रीट सहा डबल-ए बॅटऱ्यांवर चालतो. एसी-३३ आठ बॅटऱ्यांवर. (ढोल-ताशा पथकाच्या शेजारी यातलं काहीही ऐकू येणार नाही. तिथे प्रयत्नच करू नका.)

माइकला कंडेन्सर घेऊ नका, त्याला फँटम पॉवर लागते आणि छोट्या अ‍ॅम्पमध्ये ती बऱ्याचदा नसते. शुअर एसएम५८ सारखा साधा डायनॅमिक माइक घ्या. १९६६ पासून तो विकला जातोय, आणि नातवंडांपर्यंत टिकेल.

आता वॅट. "मोठा झाल्यावर लागेल, आत्ताच शंभर वॅटचा घेऊ" हा आपला वाढत्या अंगाचा हिशोब. शाळेच्या युनिफॉर्मला तो ठीक होता. अ‍ॅम्पला नाही. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फरक तीन डेसिबलचा पडतो, जेमतेम कानाला कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. म्हणजे तीसऐवजी साठ वॅटसाठी शंभर डॉलर जास्त देताना तुम्ही आवाज फारसा विकत घेत नाही, वजन घेता. आणि ते वजन दर शनिवारी गाडीत कोण चढवणार? मुलाला स्वतःला एका हाताने उचलता येईल असा घ्या. जो त्याला उचलता येत नाही तो तळघरात राहतो.

वापरलेला घ्यायला मी आनंदाने सांगेन. रिव्हर्बवर, फेसबुक मार्केटप्लेसवर, म्युझिक गो राउंडसारख्या दुकानांत अ‍ॅकूस्टिक अ‍ॅम्प चांगल्या स्थितीत मिळतात, कारण ते हॉबीवाल्यांनी घरात वापरलेले असतात. अनोळखी माणसाकडून घेताना प्लग असलेल्या सार्वजनिक जागी भेटा, लायब्ररी किंवा कॉफी शॉप. सगळी बटणं फिरवून बघा, खरखर येते का. काही न जोडता आवाज वाढवा, घरघर किती आहे ऐका. दोन्ही चॅनल तपासा. ट्वीटरला कान लावून वरच्या तारा वाजवायला सांगा, तिथून काहीच येत नसेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

भारताचं एक सांगायलाच हवं, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतं. इथली वीज १२० व्होल्ट, तिकडची २३०. पुण्याहून भावाने आणलेला अ‍ॅम्प इथे नीट चालणार नाही, आणि इथला अ‍ॅम्प पुण्यात सरळ भिंतीला लावलात तर फ्यूज उडेल, कदाचित आतलं बरंच काही. मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा. बाहेरचा अ‍ॅडॉप्टर असेल आणि त्यावर १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागते. नाहीतर सुट्टीत तिकडे वाजवायचं असेल तर बॅटरीवाला अ‍ॅम्प, किंवा नुसती गिटार.

'हूंऽऽ' असा घुमणारा आवाज, म्हणजे फीडबॅक, हा अ‍ॅम्पचा बिघाड नसतो. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो आणि परत पिकअपमधून बाहेर येतो. मुलाला अ‍ॅम्पच्या समोर तोंड करून बसवू नका, अ‍ॅम्प थोडा बाजूला आणि पुढे ठेवा. गिटारवर किंवा अ‍ॅम्पवर फेज नावाचं बटण असेल तर ते दाबून बघा, मग बास थोडा कमी करा. तरी घुमतंय? गिटारच्या भोकात बसणारं रबराचं झाकण दहा-पंधरा डॉलरला मिळतं, त्याने बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

दुकानात जाल तेव्हा दुकानातली महागडी गिटार लावून अ‍ॅम्प ऐकू नका, त्याच्यावर काहीही गोड वाजतं. आपली गिटार घेऊन जा, मूलही सोबत न्या. त्याला येतं ते गाणं वाजवू द्या, टोन सगळे मधोमध ठेवून. तुम्ही पंधरा फूट लांब जाऊन पाठमोरे उभे राहा आणि नंतर त्यालाच विचारा, कुठला आपल्या गिटारसारखा वाजला.