क्रँक का झिजली?

मागच्या लेखानंतर काही तरुण वाचकांनी विचारलं, "ट्रकचं इंजिन बसलं म्हणतात, म्हणजे नेमकं काय होतं?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा क्रँकशाफ्टपाशी येऊन थांबतं. म्हणून या वेळी आमच्या बिदर-कलबुर्गीकडच्या एका क्रँकची गोष्ट सांगतो.

आधी क्रँक म्हणजे काय ते बघू. आजीचं पायाचं शिलाई मशीन आठवा. पाय वर-खाली होतो आणि चाक गोल फिरतं. इंजिनातही तसंच. पिस्टन वर-खाली होतात आणि त्यांची ताकद क्रँक गोल फिरवून चाकांकडे पाठवते. फरक आहे तो जोराचा. १०२ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर १२० बार दाब आला, तर तो भार होतो जवळपास दहा टन. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर असे ठोके सेकंदाला शंभर बसतात. एवढं सोसूनही क्रँक टिकते, कारण तिच्या आणि बेअरिंगच्या मध्ये तेलाचा थर असतो. तो थर केसापेक्षाही पातळ. पण तो आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही.

आता ट्रककडे वळू. हुमनाबाद, बसवकल्याण हा आमचा पट्टा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा. तुमच्या आजोळच्या ओसरीला जी शहाबादी फरशी असेल, ती कलबुर्गी जिल्ह्यातली. तिकडून फरशी, वाडी-सेडमकडून सिमेंट आणि हंगामात तूर असा माल वाहणारी ट्रकवाली घरं इथे पुष्कळ. माझ्या मामेभावाचं त्यातलंच एक. एकच ट्रक, जुन्या पद्धतीच्या पंपाचा. हप्ते चालू, आणि थोरल्या मुलीचं कॉलेजही त्याच ट्रकवर.

एके दिवशी ड्रायव्हर फरशी उतरवून आला आणि कानडीत म्हणाला, "सप्पळ बर्तद." आवाज येतोय. इंजिन तापलं की स्लोमध्ये ऑइलचा दिवा लुकलुकायचा, आणि लोड घेताना खालून ठक-ठक. आठ महिन्यांपूर्वीच एका गॅरेजमध्ये बेअरिंग बदलून झाली होती. त्यामुळे घरात सल्ल्यांना ऊत आला. एक म्हणाला, जाड ऑइल घाला, दिवाळीपर्यंत निघेल. दुसरा म्हणाला, आवाज वाढायच्या आत विकून टाका. मामेभावाने मला फोन केला, आणि आम्ही ट्रक एका जुन्या मिस्त्रीकडे नेला.

मिस्त्रीचं दखनीतलं वाक्य मला फार आवडतं, "पैले सुनना, बाद में खोलना." त्यांनी पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी केल्या. पहिली, दिव्यावर विश्वास न ठेवता ऑइल प्रेशरचं वेगळं गेज लावलं. इंजिन थंड असताना प्रेशर ठीक, तापल्यावर फारच कमी. दुसरी, डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळून वास घेतला. ऑइलमध्ये डिझेल उतरलं तर ते पातळ होतं आणि त्यानेही प्रेशर पडतं. तसं काही नव्हतं. तिसरी, इंजिन स्लोमध्ये ठेवून एकेका सिलिंडरच्या नोझलच्या पाइपचा नट सैल केला. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासं झालं की त्याचा ठोका हलका होतो. तिसऱ्या सिलिंडरला आवाज दबला. म्हणजे दुखणं तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपाशी.

इथे एक ताकीद. ही युक्ती फक्त जुन्या पंपाच्या इंजिनावर. आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. तो पाइप चालू इंजिनावर सैल केला, तर डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे हे काम कॉम्प्युटरवर करतात.

मग ऑइल चेंबर उतरवलं. तळाशी तांब्याच्या रंगाची चमक होती. बेअरिंगचा वरचा मऊ, चंदेरी थर झिजून आतला तांब्याचा थर उघडा पडला की अशी चमक दिसते. ऑइल खेचणाऱ्या नळीच्या जाळीत सिलिकॉन पेस्टचे तुकडे अडकलेले. मागच्या वेळी चेंबर बसवताना कुणीतरी पेस्ट सढळ हाताने लावली होती. जादा पेस्ट आत ओघळली, सुटली आणि जाळीत जाऊन बसली. जाड ऑइल घातलं असतं, तर त्या जाळीतून आणखीच कमी ऑइल आत गेलं असतं.

मामेभाऊ म्हणाला, "जाळी साफ करू, नवीन बेअरिंग टाकू, गाडी सोडू." हंगाम अंगावर होता, त्याचं म्हणणं मला कळत होतं. पण मागच्या वेळीही क्रँक न मोजताच बेअरिंग टाकली गेली होती. म्हणून इंजिन उतरवलं आणि मायक्रोमीटर लावला. तिसऱ्या पिनचं माप एका दिशेने ६८.४६ मिलिमीटर, काटकोनात ६८.३७. म्हणजे पिन गोल राहिली नव्हती. फरक ०.०९ मिलिमीटरचा, आणि त्या इंजिनाच्या पुस्तकात मर्यादा ०.०५. अंडाकृती पिनवर कितीही नवं बेअरिंग घाला, तेलाचा थर टिकत नाही.

अशी क्रँक घासून लहान करता येते, आणि तेवढ्या जाड अंडरसाइज बेअरिंग मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ अशा पायऱ्यांनी. ही आधीच ०.५० ला गेलेली. सोलापूरला ग्राइंडिंगवाल्याकडे पाठवली. त्याने घासण्याआधी चुंबकाने तडा तपासला. पिन जिथे बाजूच्या पाकळीला मिळते, त्या गोलाईत केसासारखी रेघ निघाली. तिथेच सगळा ताण येतो. आता घासण्यात अर्थ नव्हता, नवी क्रँकच हवी. खर्च कितीतरी पट. पण ती रेघ घेऊन भरलेला ट्रक महामार्गावर सोडणं म्हणजे ड्रायव्हरच्या जिवाशी खेळ.

परदेशातल्या मुलांसाठी एक गोष्ट सांगतो. मोठ्या डिझेल इंजिनाची क्रँक बहुधा तापवलेल्या पोलादी कांबीला प्रेसखाली घडवून करतात. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज ही कंपनी हे काम करते. स्थापना १९६१ ची. तिच्या क्रँक जगभरच्या ट्रकांत आहेत. तुमच्या शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या पोटातही पुण्याचं पोलाद असू शकतं.

नवी क्रँक आली तरी मिस्त्रींनी घाई केली नाही. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटा तारेच्या ब्रशने आणि हवेने साफ केल्या. ऑइल कूलर उघडून धुतला, कारण झिजलेल्या बेअरिंगचा चुरा तिथे दडून बसतो आणि नव्या क्रँकला खातो. नवी क्रँकसुद्धा मोजली. बेअरिंगच्या कॅप ज्या जागेवरून निघाल्या, नंबर बघून त्याच जागी. रॉडचे बोल्ट नवे, टॉर्क पान्यानेच आवळलेले. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघितली. जड लागली तर तिथेच थांबायचं. चेंबर बसवताना पेस्टची बारीक रेघ, बस्स. शेवटी डिझेल बंद ठेवून सेल्फ मारला, गेजवर प्रेशर दिसलं, आणि मगच इंजिन चालू केलं.

तापल्यावरही काटा जागचा हलला नाही. दोन आठवडे गेले, दोन भाडी बुडाली, आणि एक हप्ता मामीच्या पाटल्यांवर निघाला.

इंजिनाचं काम शिकणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो, सुटा भाग बदलणं हे अर्धं काम. तो का गेला, हे सापडल्याशिवाय नवा भाग डब्यातून काढू नका. आणि घरी ट्रॅक्टर, जनरेटर, काहीही डिझेलचं असेल, तर ऑइलचा दिवा लुकलुकल्यावर पुढचं गाव गाठायचा विचार करू नका. तिथेच इंजिन बंद करा. पुढच्या वेळी टर्बोबद्दल बोलू. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.