वाढत्या अंगाचा शर्ट

आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून घेतलेल्या कपड्यांत गेलंय. दुकानदार मापाचा शर्ट काढायचा, तो अंगाला बरोब्बर बसायचा, आरशासमोर आपण खूश, आणि तेवढ्यात मागून आईचा आवाज, "ह्याच्यापेक्षा एक नंबर मोठा दाखवा हो, वाढतं अंग आहे." की झालो आपण दिवाळीत झग्यात! पहिलं वर्ष बाह्या दुमडून, दुसऱ्या वर्षी जेमतेम बरोबर, तिसऱ्या वर्षी आखूड. तोपर्यंत धाकटा भाऊ रांगेत उभा असायचाच.

आता तसल्याच घेराच्या टी-शर्टला ‘ओव्हरसाइज्ड’ म्हणतात आणि पोरं तो स्वखुशीने घेतात. माझा विरोध नाही, माझ्याकडेही दोन आहेत. पण गेल्या महिन्यात मेसमध्ये जे झालं ते डोक्यातून जाईना, म्हणून सबमिशन बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

फर्स्ट इयरचा एक मुलगा ताट घेऊन आला. अंगात मोठ्या भावाचा चेक्सचा फुल शर्ट. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, कफ अर्ध्या तळहातावर, खालची कड मांडीपर्यंत. आमच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "आलं बघा बुजगावणं." सगळे हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर सहज आजूबाजूला पाहिलं तर टेबलावरच्या पाचांपैकी तिघांच्या खांद्याची शिवण दंडावरच होती. फरक एवढाच की त्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते.

मला हे जास्त लागायला कारण आहे. फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या ओरलला मी पप्पांचा शर्ट घालून गेलो होतो. परीक्षकांनी माझा जॉब बघायच्या आधी शर्ट बघितला आणि विचारलं, "कोणाचा घातलायस रे?" मी खरं ते सांगितलं. ते हसले, शेजारचे दोघं हसले. त्यानंतर त्यांनी फाइलचे प्रकार विचारले तर एक आठवेल तर शपथ. रात्री जागून पाठ केले होते!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ढगळ कपड्यांना कोणी हसत नाही. ‘ह्याच्याकडे दुसरा नाहीये’ हे दिसलं की हसतात. आणि हे फक्त आपल्याच हॉस्टेलचं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९४३ च्या जूनमध्ये सैनिक आणि खलाशांनी मेक्सिकन वंशाच्या पोरांना रस्त्यात गाठून मारलं, अंगावरचे कपडे ओरबाडले. निमित्त काय, तर ‘झूट सूट’, म्हणजे गुडघ्याकडे उतरणारा लांबलचक कोट आणि वर घोळदार, घोट्याशी निमुळती पॅन्ट. युद्धामुळे कापडावर निर्बंध होते आणि ही पोरं एवढं कापड मिरवतात हा राग. त्याखाली वंशाचा राग तर होताच. पुढे १९८४ साली ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ ह्या कॉन्सर्ट फिल्ममध्ये डेव्हिड बर्न अंगापेक्षा कितीतरी मोठा सूट घालून नाचला, तर तो सूट अजरामर झाला. ढगळ तो, ढगळ हाही. अंगात कोण आहे त्यावर सगळं ठरलं.

आता जग सुधारेपर्यंत त्या मुलाने थांबायचं का? मला वाटतं नाही. कपडा मुद्दाम घातलाय की नाइलाजाने, हे बघणाऱ्याला दोन-तीन ठिकाणांवरून कळतं, आणि ती ठिकाणं आपल्या हातात असतात.

दुकानातला ओव्हरसाइज्ड टी-शर्ट नीट तपासा. (मी टेप घेऊन तपासलाय, रूम पार्टनरने मला वेड्यात काढलं.) छाती आणि मुंढा भरपूर मोठा, पण गळा मानेला नीट बसलेला, बाही कोपराच्या आसपास संपलेली आणि उंची फारशी वाढवलेली नाही. म्हणजे तो रुंद असतो, लांब नसतो. भावाचा किंवा वडिलांचा शर्ट मात्र सगळ्याच दिशांनी मोठा असतो. ड्रॉइंगच्या भाषेत सांगायचं तर सरळ एन्लार्जिंग स्केल. तेव्हा आपलं काम एकच, रुंदी राहू द्यायची आणि लांबी कमी करायची.

सुरुवात बाह्यांपासून. मनगट दिसलं की अर्धं काम होतं. कफाच्या घड्यांवर घड्या घालत गेलात तर दंडावर जाडजूड वळकटी होते आणि दुसऱ्या लेक्चरपर्यंत ती सुटते. त्याऐवजी कफ उघडा, उलटा करून एकदम कोपराच्या वर ओढा, मग खाली राहिलेला भाग वर दुमडून त्यावर घ्या. कफाची बोटभर कड दिसू द्या. ही घडी दिवसभर हलत नाही.

मग खालची कड. शर्ट मांडीपर्यंत आला की पाय आखूड दिसतात, उंच पोरगाही बुटका वाटतो. पूर्ण इनशर्ट केलं तर कमरेभोवती कापडाचा टायर होतो. म्हणून फक्त पुढून, बकलपाशी थोडं आत खोचा, बाकी सुटं सोडा. नाहीतर बटणं उघडी ठेवून आत मापाचा गोल गळ्याचा टी-शर्ट घाला. शर्टाच्या दोन उभ्या कडांमध्ये एक अरुंद पट्टा दिसतो आणि आतला माणूस आपल्या मूळ आकारात येतो. माझ्या मते मोठ्या शर्टाचा हा सगळ्यात चांगला उपयोग आहे, आणि कॉलर मोठी असेल तर तीही ह्यात खपून जाते.

कापडाचं म्हणाल तर जाड सुती ढगळ चालतं, पातळ सिंथेटिक ढगळ चालत नाही. टी-शर्टवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. साधे टी-शर्ट साधारण १६०-१८० चे, ओव्हरसाइज्ड म्हणून विकले जाणारे बरेचसे २२०-२४० चे. जाड कापड अंगापासून सुटं उभं राहतं. पातळ कापड घाम आला की चिकटतं आणि मग फक्त बरगड्या दिसतात. आणि इस्त्री! मापाचा चुरगळलेला शर्ट एक वेळ चालून जातो, ढगळ चुरगळलेला म्हणजे रात्री त्यातच झोपलात.

जाड मित्रांसाठी एक सांगतो, कारण माझा रूम पार्टनर दोन वर्षं तंबूत राहत होता. पोट झाकायला सगळंच मोठं घेतलं तर माणूस आणखी रुंद दिसतो. खांद्याला नीट बसणारं आणि तिथून खाली मोकळं पडणारं घ्या. टेलरकडे जायचं तर पॅन्टची उंची कमी करणं अगदी किरकोळ काम, कंबर एक-दोन इंच आत घेणंही सोपं. खांदा कमी करायच्या फंदात मात्र पडू नका. बाही अख्खी उसवून पुन्हा लावावी लागते आणि तेवढ्या पैशांत स्वस्तातला नवीन शर्ट येतो.

हे सगळं लेडीज हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, "ह्यात नवीन काय? माझ्या आजीच्या नऊवारीला कधी साइझ होता का?" बरोबर आहे तिचं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्याला ना माप ना शिलाई, आणि तरी निऱ्या आणि काष्ट्यावर ते कुठल्याही अंगाला बसतं. आपल्याला दोन घड्या घालायला लेख लागतो.

वर्कशॉपमध्ये मात्र ह्यातलं काहीही चालवू नका. लेथच्या चकमध्ये सैल कफ अडकला तर तो आधी हात ओढतो, मग माणूस. तिथे शर्ट पूर्ण आत, बाही कोपराच्या वर घट्ट, ॲप्रनच्या नाड्या मागे बांधलेल्या. तिथे इन्स्ट्रक्टर सर कपड्यांवरून ओरडले तर ऐकून घ्यायचं.

आणि आता खरा अवघड कपडा, ब्लेझर. आमच्या विंगमध्ये एकच आहे, कुठल्या तरी पासआउट सिनियरने मागे सोडलेला, ४२ नंबरचा. प्लेसमेंटच्या दिवसांत तो सात-आठ जणांच्या अंगावरून जातो आणि बसत एकालाही नाही. शर्टाच्या युक्त्या इथे लागू होत नाहीत, कारण खांद्याला पॅड असतं. खांदा संपतो तिथून पुढे पॅड तरंगतं आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना ते दिसतंच. खांदा इंचाच्या आत बाहेर जात असेल तर चालवून घ्या. बाही आत दुमडून धावदोरा घाला, म्हणजे शर्टाचा कफ अर्धा इंच दिसेल आणि उद्या दुसऱ्यासाठी दोरा ओढून काढता येईल. दोन बटणांपैकी वरचं लावा. आतला शर्ट, निदान त्याची कॉलर, स्वतःच्या मापाची असू द्या. खांदा इंचापेक्षा जास्त जात असेल तर ब्लेझर खुंटीला ठेवा आणि इस्त्रीचा मापाचा शर्ट अन् टाय लावून जा. उसना मोठा ब्लेझर घालून बसलेला मुलगा उत्तरं देताना बाह्याच वर ओढत बसतो, हे मी मॉक इंटरव्ह्यूला डोळ्यांनी पाहिलंय.

सरांना आणि मॅडमना विनंती आहे. प्लेसमेंटच्या नोटिशीत ‘ब्लेझर कंपल्सरी’ लिहायचं असेल तर ३६, ३८ आणि ४० असे तीन ब्लेझर कॉलेजने घेऊन ठेवावेत. लायब्ररीच्या पुस्तकासारखे कार्डावर द्यावेत, उशीर झाला तर फाइन लावावा. आणि ओरलला शर्ट कोणाचा ते विचारू नये.

त्या मुलाच्या रूमवर मी दोन दिवसांनी गेलो. सॉरी म्हटलं. तो "चालतंय की सर" म्हणाला, पण मान वर न करता. मग बाहीची घडी दाखवली. एक हात मी केला, दुसरा त्याने केला, माझ्यापेक्षा नीट. अर्धं खोचायचं म्हटल्यावर मात्र तो नाही म्हणाला. "दादा असाच घालतो सर, मला असाच आवडतो."

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये आला तो बाह्या दुमडून, शर्ट बाहेरच. आमच्याच टेबलावर बसला. कोणी काही बोललं नाही, कारण पोळ्या संपल्या होत्या आणि सगळे भांडायला काउंटरवर गेले होते.