महाराष्ट्राचा हॉकी संघ कोठे आहे?

२६ जानेवारी २०२५ रोजी रांची येथे महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्सने सूरमा हॉकी क्लबचा २-१ असा पराभव केला आणि विजेत्या संघाचे दोन्ही गोल सातारा जिल्ह्याच्या ऋतुजा पिसाळ हिने नोंदविले. मराठी कन्येचा हा पराक्रम अभिमानास्पद खराच. परंतु तिला महाराष्ट्राच्या संघाकडून खेळण्याचा पर्यायच नव्हता, कारण तसा संघच अस्तित्वात नव्हता. पुरुषांच्या लीगमध्येही त्या हंगामात ८ संघ उतरले. त्यांत तमिळनाडू होते, बंगाल होता, हैदराबाद होते. मुंबई-पुण्याचे नाव मात्र नव्हते.

संघ काढण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली मराठा वॉरियर्स खेळला. २०१२ च्या वर्ल्ड सीरीज हॉकीत मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स होते. २०१३ मध्ये मुंबई मॅजिशियन्स आला. रिक चार्ल्सवर्थ यांच्यासारखा जगद्विख्यात प्रशिक्षक लाभूनही तो तळाशी राहिला. त्याच वर्षी सीमेवरील तणावामुळे लीगमधील ९ पाकिस्तानी खेळाडूंना ऐन वेळी माघारी जावे लागले, त्यांत मुंबईचेही खेळाडू होते. राष्ट्रीय भावनेचा अंदाज न घेता संघबांधणी केली की व्यवस्थापनावर अशी वेळ येते. पुढे दबंग मुंबईने २०१७ मध्ये अंतिम फेरी गाठली, तोच लीगच थांबली. नावे बदलली, मालक बदलले; मागे मात्र काहीच उरले नाही. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती कोणता खेळाडू किती लाखांना घ्यायचा याचीच. आपला खेळाडू कोठे घडवायचा, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

दुसरा प्रश्न कराराचा. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ३२ वर्षांनंतर भारताला सुवर्णपदक मिळाले. कर्णधार होते खडकीचे धनराज पिल्ले. त्यानंतर लगेचच त्यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. विश्रांती दिली, असे अधिकृत कारण होते. मानधन आणि सुविधांविषयी तोंड उघडल्याची ती शिक्षा आहे, अशीच क्रीडाप्रेमींची भावना झाली. जानेवारी २०१० मध्ये तर विश्वचषक तोंडावर असताना राष्ट्रीय संघाने पुण्यातील शिबिरात थकीत मानधनासाठी सरावावर बहिष्कार टाकला. देशासाठी खेळणाऱ्यांनी हक्काच्या पैशांसाठी मैदानाबाहेर बसावे, याहून लाजिरवाणे चित्र कोणते? ज्या खेळात घाम गाळणाऱ्याला मोबदल्याची शाश्वती नाही, त्या खेळाकडे पालक आपले मूल कोणत्या भरवशावर पाठवतील?

याचे उत्तर वसई-विरारमध्ये शोधता येईल. विरारचा पृथ्वी शॉ लहानपणी लोकलने मुंबई गाठत असे. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ धावा केल्या आणि २०१८ मध्ये राजकोट येथे कसोटी पदार्पणातच शतक झळकावले. पुढे त्याची वाटचाल कशीही झाली असो, त्याला वर चढण्यासाठी शिडी उपलब्ध होती. शालेय स्पर्धा, क्लब, रणजी आणि करार या तिच्या पायऱ्या होत. याच विरारच्या मुलाने हातात हॉकीची काठी घेतली असती, तर चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमपर्यंतचे ६० किलोमीटर पार करूनही पुढची पायरी कोणती, हे त्याला कोणी सांगू शकले असते काय?

ओडिशाने ही शिडी बांधली. सुंदरगढ या वनवासीबहुल जिल्ह्यातून दिलीप तिर्की आणि अमित रोहिदास यांच्यासारखे खेळाडू निघाले, ते निवासी प्रशिक्षणाच्या परंपरेमुळे. २०१८ पासून त्या राज्याने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्वही स्वीकारले. पालघर जिल्ह्यातही जव्हार, मोखाडा, तलासरी, डहाणू येथे तशीच काटक, चपळ वनवासी मुले आहेत. वसईत दरवर्षी डिसेंबरात भरणारा कला-क्रीडा महोत्सव हजारो मुलांना मैदानावर आणतो. गुणवत्ता आहे, उत्साह आहे. उणीव आहे ती नियोजनाची.

२०२४-२५ च्या हंगामात लीगच्या नियमानुसार २४ जणांच्या संघात किमान ४ कनिष्ठ भारतीय खेळाडू असावे लागत. हेच दार महाराष्ट्राने हेरले पाहिजे. संघ पुन्हा उभा राहील तेव्हा कनिष्ठांच्या त्या जागा राज्यातीलच मुलांनी भराव्यात, यासाठी वसई-विरार महापालिका, जिल्हा प्रशासन आणि हॉकी संघटना यांनी आजपासून कृत्रिम हिरवळीचे मैदान, निवासी केंद्र आणि शालेय स्पर्धा या तीन गोष्टींचा आराखडा करावा. मालकाकडून पूर्ण हंगामाच्या मानधनाची बँक हमी आधीच घ्यावी. दुखापतीचा विमा करारातच असावा. निवडीची कारणे लेखी द्यावीत. हे झाल्यानंतरच लिलावाच्या बोलीला अर्थ राहील.

पैशाने एका हंगामाचा संघ उभा करता येतो. पिढ्यानपिढ्या टिकणारा संघ मात्र गावोगावच्या मैदानांवरच तयार होतो. सातारच्या मुलीने आपले कर्तृत्व सिद्ध केले आहे. आता कसोटी आहे ती महाराष्ट्राच्या इच्छाशक्तीची.